साहेब मराठीत बोलले

क्षणभर असे समजा, बाळांनो, की तुम्ही एका मोठ्या कंपनीचे साहेब आहात. उंच स्टुलावर बसला आहात, पाय जमिनीला टेकत नाहीत, आणि समोर नोकरी मागायला बसले आहेत ते तुमचेच वडील. कपाळाला घाम, हात मांडीवर. तुम्ही करड्या आवाजात विचारायचे, "टेल मी अबाउट युवरसेल्फ," आणि त्यांनी उत्तर द्यायचे. हसायचे नाही बरे! साहेब हसत नसतात.

तंजावुरात, जुन्या मराठी राजांच्या राजवाड्यामागच्या गल्लीत, विनुता नावाची मुलगी रोज संध्याकाळी अशी साहेब व्हायची.

तिचे वडील रघुराम शेतीचे पंप विकणाऱ्या एका कंपनीच्या शाखेत कारकून होते. त्या काळात जुन्या कंपन्या एकामागून एक नव्या मालकांच्या हाती जात होत्या. रघुरामांची कंपनी पुण्याच्या कोणी घेतली. तंजावूरची शाखा बंद होणार आणि तिथल्या एकालाच त्रिचीच्या नव्या कचेरीत घेणार, असे कळले. ज्याला गिऱ्हाइकांशी नीट बोलता येईल, त्याला. बाकीच्यांनी घरी बसायचे.

बोलणे हीच तर रघुरामांची पंचाईत. म्हणून शिवणयंत्रांच्या एका दुकानाच्या माडीवर इंग्रजी संभाषण-कौशल्याचा वर्ग भरे, तिथे ते जाऊ लागले. बाकी सगळी कॉलेजातली पोरे. शिकवणारा गणेशकुमारही रघुरामांहून लहान, पण टाय लावलेला.

"सार, हात!" तो ओरडायचा. "हात खाली!"

रघुरामांचा उजवा हात आपोआप तोंडापुढे जायचा. थोरांशी बोलताना तोंडापुढे हात धरायचा, आपला श्वास त्यांच्या अंगावर जाऊ द्यायचा नाही, नजर त्यांच्या पायांशी ठेवायची, असे ते लहानपणापासून शिकले होते. इथे सगळेच उलटे. डोळ्यांत बघा. मान वर. मी हे केले, मी ते केले, असे स्वतःच्या तोंडाने सांगा.

घरी आल्यावर विनुता स्टुलावर चढायची.

"अप्पा, हात!"

"गेला का गे पुन्हा?"

"गेला. आणि 'आय' म्हणा. सारखे 'वुई वुई' काय?"

"एकट्याने का केलें मी, विनू? चिदंबर होता, गोदामांतले असके जण होते."

"साहेबांशी वाद घालायचा नाही!"

"ऐका तिचें," स्वयंपाकघरातून अलमेलु, विनुताची आई, म्हणायची. "घरांत एक तरी साहेब असूं दे."

हळूहळू जमू लागले. पुराच्या वर्षी गावोगावचे बुडालेले पंप आपण कसे पुन्हा चालू करून दिले, हे रघुराम डोळ्यांत बघून, 'आय' म्हणून, न अडखळता सांगू लागले. एकदा तर विनुताच टाळ्या पिटून बसली. साहेबपण विसरून.

मुलाखतीच्या दिवशी शाळा अर्धी होती. "तूंही चल," रघुराम म्हणाले. "तूं बाहेर असलीस म्हणजे मला धीर येईल."

मुलाखती एका हॉटेलच्या हॉलमध्ये होत्या. दाराला पडदा होता. तो पंख्याच्या वाऱ्याने उडाला की बाकावरून विनुताला आतले दिसे. आत तिघे साहेब. इंग्रजीतून प्रश्न आले, आणि अप्पांचे हात मांडीवरच राहिले! आवाज स्पष्ट. पुराची गोष्ट सुरू झाली, तेव्हा विनुताचे ओठही मुकाट हलत होते.

मधले साहेब पिकल्या केसांचे होते. त्यांनी समोरच्या कागदावर नाव पाहिले आणि चष्मा काढला.

"रघुराम राव... तुम्ही मराठी की काय?"

"होय, जी."

"अरे वा! इतक्या लांब! मग मराठीतच बोलू की. सांगा बरे, इतक्या वर्षांत काय काय केलेत?"

साहेबांच्या मनात चांगलेच होते. पण रघुरामांची मराठी घरातली. बाजारात तमिळ, कागदावर इंग्रजी, आणि मराठी आईबापांशी, काकांशी, गुरुजींशी. परक्या माणसाशी ते उभ्या जन्मात मराठीत बोलले नव्हते. पिकले केस, त्यात मराठी. रघुरामांची मान खाली गेली. हात उठला, तोंडापुढे आला.

"मी काय केलें?" ते पुटपुटले. "असकें थोरांच्या आशीर्वादें चाललें."

"अहो, पण तुम्ही स्वतः? पुराचे सांगत होतात ना?"

"करणारे थोर, जी. मी आपला होतों तिथें."

"काय गोड बोलता हो! अगदी बखरीतली भाषा." तिघेही हसले. वाईट हेतूने नव्हे, कौतुकाने हसले.

अप्पा, हात! बाकावर विनुताने स्वतःचाच हात मांडीवर दाबून धरला.

संध्याकाळपर्यंत निकाल लागला. नोकरी शाखेतल्याच चिदंबरना मिळाली. पिकल्या केसांचे साहेब मुद्दाम बाहेर आले. "माणूस म्हणून फार आवडलात हो तुम्ही," ते म्हणाले. "पण गिऱ्हाइकापुढे जरा धीट माणूस लागतो."

परतताना रघुराम शिवगंगा तळ्याच्या कट्ट्यावर बसले.

"इंग्रजींत मी दुसरा कोणी होतों, विनू," ते म्हणाले. "त्याला मिळाली असती. मला कोण देणार? आतां या वयांत आणखी कोठे जाऊं, काय शिकूं?"

विनुताने त्यांचा हात धरून त्यांना उठवले.

"आईला तूं कांही बोलूं नको. मीच सांगतों."

अलमेलु दारातच उभी होती. "अहो, काय झालें?"

रघुरामांनी तिच्या तोंडाकडे पाहिले. "मिळाली," ते म्हणाले.

"मिळाली!" अलमेलु धावत आत गेली. केसरीसाठी, म्हणजे तिकडच्या गोड शिऱ्यासाठी, रवा भाजायला घेतला. खिडकीतूनच तिने शेजारणीला हाक मारली, पलीकडच्या घरालाही सांग म्हणाली. रघुराम सदरा न काढता भिंतीकडे तोंड करून चटईवर बसले. बाहेर गल्लीत कोणी आनंदाने त्यांचे नाव घेत होते. प्रत्येक हाकेसरशी त्यांचे खांदे आणखी आत जात होते. विनुताने त्यांच्याकडे पाहिले. त्यांनी वळून पाहिले नाही.

विनुता स्वयंपाकघरात गेली. तिने आधी स्टोव्ह बंद केला.

"काय गे हें? रवा कच्चा राहील!"

"अम्मा, नोकरी चिदंबरमामांना मिळाली," विनुता म्हणाली. "अप्पांना सांगवलें नाही. तूं त्यांना रागावूं नको."

आई उत्तर द्यायच्या आत ती बाहेर आली, आणि अप्पांच्या शेजारी, तिनेही भिंतीकडे तोंड करून, चटईवर बसली.