शेवटच्या गाडीची हाक

टॅक्सीचं नाव काढल्याबरोबर आईने पायात घातलेले बूट पुन्हा काढायला घेतले.

"टॅक्सीनेच जायचं असेल तर तू जा. मी बसते घरी."

"अगं, दोन बस बदलायच्या, त्यात तुझे गुडघे..."

"गुडघे माझे आहेत. आणि बसही माझ्याच."

बस शहर वाहतुकीच्या होत्या. पण बाबांनी जन्मभर चालवल्या म्हणजे त्या घरच्याच, अशी तिची समजूत. मोठ्या चौकातून निघून जुन्या दफनभूमीच्या फाटकाशी संपणारा मार्ग बाबांचा. ते जाऊन वर्ष व्हायचं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी आईला कायमची माझ्याकडे नेणार होते, आगगाडीने दिवसभराच्या अंतरावर. घर रिकामं झालं होतं, भिंतींवर तसबिरींच्या जागचे फिकट चौकोन तेवढे उरले होते. निघण्याआधी तिला एकदा जुन्या दफनभूमीत, तिच्या आईच्या, म्हणजे माझ्या आजीच्या कबरीवर जायचं होतं. पुन्हा येणं होणार नाही हे तिलाही कळत होतं आणि मलाही, म्हणून आम्ही तेवढं सोडून बाकी सगळ्यावर भांडत होतो.

मी दातांची डॉक्टर. लोकांना तोंड उघडायला लावायचं आणि आपणच बोलत राहायचं, ही सवय हाडीमाशी खिळलेली. पण आईपुढे माझं बोलणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. गेलो बसनेच.

दुसऱ्या बसमध्ये ती चालकाच्या मागच्या बाकावर बसली. तिथे आधी बसलेल्या तरुणाकडे ती नुसती बघत उभी राहिली, तो बिचारा आपणहून उठला. स्टिअरिंगवर एक बाई होती, तिच्या आणि आमच्यामध्ये जाड काच. आईने काचेवर टकटक केलं.

"वळणावर जरा हळू घ्या हं. तिथे रस्ता उजवीकडे कललाय."

"आई, चालकाशी बोलू नये असं लिहिलंय."

"ते प्रवाशांसाठी," आई म्हणाली.

मला लाज वाटली. वळणावर बस खरंच हळू झाली, पण हे मी तिला मुळीच बोलून दाखवलं नाही.

ही दफनभूमी कधीच भरून गेली आहे. सरदार, महापौर, दोन-चार नामवंत गवई, आणि त्यांच्या कडेकडेने आमच्या आजीसारखी साधी माणसं. आता तिथे नव्याने कुणाला जागा मिळत नाही. इतिहास पाहायला पर्यटक येतात, पंख तुटलेल्या देवदूतांबरोबर फोटो काढतात. बाबाही इथे नाहीत. ते शहराबाहेरच्या नव्या जागेत आहेत, जिथे सगळ्या कबरी एकाच मापाच्या आहेत आणि झाडं अजून काठ्यांना बांधलेली आहेत. तिथे आई एकदाच गेली.

"बाबांकडे जाऊया का त्यापेक्षा?" मी सकाळी विचारलं होतं.

"तिथे ते नुसते आहेत," ती म्हणाली. "इथे ते यायचे."

लग्नाच्या गाठी स्वर्गात बांधतात म्हणे. माझ्या आईबाबांची दफनभूमीत बांधली गेली, हा आमच्या घरातला जुना विनोद. आजी गेली तेव्हा आई कॉलेजात होती. दर रविवारी ती एकटी यायची आणि संध्याकाळपर्यंत बसायची. फाटकापाशी हॉर्न वाजवायला बंदी होती, मेलेल्यांना त्रास नको म्हणून. त्यामुळे शेवटच्या बसच्या चालकांनी आपसातच एक रीत पाडली होती. बस उभी करायची, उतरायचं, आत जायचं आणि दबक्या आवाजात हाक द्यायची: शेवटची गाडी. कुणी मागे राहिलं तर त्याला अंधारात शहरापर्यंत पायी जावं लागे. एका रविवारी आईच्या लक्षात आलं की नवा चालक बाकीच्यांना फाटकातूनच हाक मारतो, आणि तिच्यासाठी मात्र पार आजीच्या कबरीपर्यंत चालत येतो. मग तीही मुद्दाम उशीर करायला लागली.

"आणि लग्नानंतरही दर रविवारी यायचीस," मी म्हटलं. आम्ही कबरीवरचं शेवाळ खरवडत होतो. "घरी तर बाबा रोज दिसायचे की."

"घरी सगळेच दिसतात. इथे ते न्यायला यायचे."

आईने आजीच्या दगडावर हात ठेवला, काहीतरी पुटपुटली, आणि शेजारच्या कट्ट्यावर फाटकाकडे पाठ करून बसली. ऊन उतरलं. पर्यटक पांगले. मी घड्याळ बघायला लागले.

"चल, शेवटची बस लागलीय."

"हाक येऊ दे."

माझं डोकं सणकलं. "आई, कोण मारणार हाक? आता थांब्यावर पाटी असते, पाटीवर वेळ येते. वेळ झाली की दार लावतात आणि निघतात!"

"माहीत आहे गं. वेड नाही लागलेलं मला." तिने वळूनही पाहिलं नाही. "पण इथून मी आपणहून कधी उठलेच नाही. आज कशी उठू? आज उठले की संपलंच ना ते."

मला रडू आलं, आणि त्याचाही रागच आला. तशीच फाटकाकडे पळाले. बसमध्ये मघाचीच चालक होती. मी तिला भडाभडा सगळं सांगितलं, आत येऊन एक हाक द्या म्हणून अक्षरशः हात जोडले.

"ताई, आम्हाला सीट सोडता येत नाही हो," ती म्हणाली. तिलाही वाईट वाटलं असावं. "पण थांबते थोडी. दार अडकलंय म्हणून सांगीन. तुम्हीच द्या ना हाक."

बाबांची ती हाक मी कधी ऐकलेली नव्हती. रविवारी मला शेजारच्या काकूंकडे ठेवायचे, ती वेळ त्या दोघांचीच असे. कुठल्या झाडापाशी थांबत, कसे म्हणत, काही ठाऊक नव्हतं. आईचं असं काही मागणं आपल्याला पुरवता येत नाही, याचं मला फार वाईट वाटत होतं. मी वाटेवर उभी राहिले. समोर तिची पाठ.

"शेवटची गाडी," मी म्हटलं.

आवाज घोगरा आला. ती लगेच वळली नाही. आधी तिने डोक्याचा रुमाल सारखा केला. एक बट कानामागे घातली, दुसरी तशीच कपाळावर राहू दिली. मग वळली.

त्या चेहऱ्याची मुलगी मी आमच्या घरात कधी पाहिली नव्हती. ती माझ्या डोक्यावरून, माझ्याहून उंच कुणाकडे तरी बघत हसली. मला वाटलं, हलू नये, श्वासही घेऊ नये.

मग तिची नजर खाली आली आणि तिला मी दिसले.

"आले गं," ती म्हणाली आणि गुडघ्यावर हात टेकून उठली. माझ्यापर्यंत चालत येईतो ती पुन्हा माझी आई झाली होती.