तळ्यातला पिवळा डाग

"स्टँड हलवू नका, बाबा!"

तीन उन्हाळे हेच ऐकतोय मी. तिचा कॅमेरा, बॅटऱ्या आणि स्टँड पाठीवर घेऊन चार तास डोंगर चढायचा, आणि वर पोचल्यावर बक्षीस काय, तर हे! हमाल म्हणून ठेवलंय मला, आणि तोही बिनपगारी.

माझी मुलगी डोंगरातल्या तळ्यांच्या पाण्याचं तापमान मोजते, तेही पाण्याला हात न लावता. तिचा कॅमेरा उष्णता बघतो. गार ते निळं, गरम ते पिवळं. पहिल्याच वर्षी या तळ्याच्या मधोमध एक पिवळा डाग दिसला, आजूबाजूच्या पाण्याहून चार अंश गरम. खाली ऊन पाण्याचा झरा आहे असं तिनं ठरवलं आणि सगळा प्रबंध त्या डागावर उभा केला. पुढच्या महिन्यात तो परीक्षकांपुढे जायचाय. डाग खरा असला तर बाईसाहेब डॉक्टर, नाहीतर तीन वर्षं वाया.

आता, मी वीज कंपनीत तीस वर्षं असलेच कॅमेरे घेऊन फिरलोय. सैल जोड गरम होतो, तो शोधायचा. आमच्यात नव्या माणसाला पहिल्याच दिवशी सांगतात, चकचकीत तांब्याच्या पट्टीवर विश्वास ठेवू नकोस, तिच्यात तुझंच तोंड गरम दिसतं. म्हणून पहिल्या उन्हाळ्यात मी तिला म्हटलं होतं, "अगं, पाणीपण चकाकतं. समोरचा कडा उन्हानं तापलाय, त्याचंच प्रतिबिंब नसेल ना हे?"

तर म्हणाली, "बाबा, हे फ्यूज बदलण्याइतकं सोपं नाही. तुम्ही नुसता स्टँड धरा."

बरं बाई. धरला.

आज बघतो तर नेहमीचा खडकच गायब! हिवाळ्यात दरड कोसळून ती जागा गाडली गेली होती. हिनं कपाळावर हात मारला. दर वर्षी तीच जागा, तोच कोन, नाहीतर तुलना होत नाही, हा तिचा नियम.

"मग काय, आल्या पावली घरी जायचं?" माझं डोकंच फिरलं. "चाळीस पावलं डावीकडे सरक की!"

कुरकुरत सरकली. कॅमेरा लावला. डाग होता, पण तळ्यातून वर आलेल्या सुळक्याच्या उजवीकडे असायचा, तो आज डावीकडे. आणखी चाळीस पावलं गेलो, तर तोही आणखी सरकला. मागे आलो, तर मागे आला.

"झरा काय आपल्या मागेमागे फिरतो होय?" मी बोलून गेलो, आणि तिचा चेहरा बघून जीभ चावली.

ती मटकन खाली बसली. "तुम्हाला माहीत होतं."

"शंका होती. सांगितलं होतं तुला."

"एकदा! एकदाच सांगितलंत, बाबा. आईच्या हातून चहात साखर जास्त पडली तर दहा वेळा सांगता!"

ते फ्यूजचं वाक्य मला झोंबलं होतं. दोन वर्षं मी रुसून बसलो. डोंगर चढलो, स्टँड धरला आणि तोंडाला कुलूप लावलं. आपटेल तेव्हा कळेल, असं मनात म्हणायचो, आणि खरं सांगतो, त्यात मला गंमतही वाटायची. स्वतःच्या पोरीच्या बाबतीत! लाज वाटली माझी मला.

मग ती नाक पुसून उठली.

"तुम्ही कुठून लावला असता कॅमेरा?"

"वरून, सरळ खाली बघणारा. तिरका लावला की पाणी फसवतं." मी कड्याच्या माथ्याकडे बोट केलं. "पण वर जायला दोन तास, आणि माझे गुडघे..."

"अजून एक वर्ष जाईल."

"जाईल."

तिनं माझ्या हातातून स्टँड ओढून घेतला आणि स्वतःच्या खांद्यावर टाकला.

"चला. आणि चढताना गप्प बसू नका."