करड्या कडा

प्रकाशकाच्या कचेरीत तिला पाठीमागे सगळे ‘घार’ म्हणत, आणि तिला ते ठाऊक होतं. उभा जन्म मुद्रितं तपासण्यात गेलेला. तिच्या नजरेतून साधं टिंब सुटायचं नाही. घरी लग्नाची पत्रिका आली तरी ती आधी चुका काढायची आणि मग लग्न कुणाचं आहे ते बघायची.

आता त्याच घारीच्या तोंडचं पाणी पळालं होतं. गेल्या काही महिन्यांत पडद्यावरची अक्षरंच बिघडली होती. गोलाया खरवडल्यासारख्या, तिरक्या रेघा कातरलेल्या, टिंबं शेजारच्या मात्रेला चिकटलेली. दोन पुस्तकांत चुका राहून गेल्या. संपादकाने फोनवर फार गोड बोलून ते सांगितलं, आणि त्या गोड बोलण्यानेच तिच्या जिवाला घोर लागला.

दुसऱ्या कुणी आधी कॉम्प्युटरला शिव्या घातल्या असत्या. हिने नाही घातल्या. तिच्या कामात चूक राहिली की दोष कागदाचा नसतो, डोळ्याचा असतो. ही सवय हाडीमाशी खिळलेली. त्यात वडिलांची दृष्टी म्हातारपणी गेली होती. वर्तमानपत्र तिला नीट वाचता येत होतं खरं, पण वडीलही शेवटपर्यंत ‘वाचतोय की’ म्हणत आणि अंदाजाने पानं उलटत. तेव्हा तिने गुपचूप डोळ्यांच्या डॉक्टरांची वेळ घेतली, हातातलं नवं पुस्तक कंटाळा आलाय असं सांगून परत केलं, आणि घरात अवाक्षर काढलं नाही.

घरात म्हणजे नवऱ्यापाशी. हयातभर नकाशे काढून निवृत्त झालेल्या या गृहस्थांना गल्लीत सगळे ‘नकाशेवाले’ म्हणत. आता ते जाडजूड पुस्तकांच्या शेवटी येणारी सूची करून देत. कॉम्प्युटर एकच. सकाळ तिची, दुपार त्यांची, आणि एकमेकांच्या वेळेत तिकडे फिरकायचं नाही. त्यांच्या संसारात कधीही न मोडलेला असा हा एकच नियम होता.

तिने पुस्तक परत केल्याचं ऐकून ते चक्रावले. कंटाळा, आणि हिला? तिने विषय बदलला.

मग भाची आली. थोरल्या बहिणीची मुलगी, वेबसाइटी सजवून पोट भरणारी. सकाळी परतीचं तिकीट काढायला मावशीच्या खुर्चीत बसली आणि तिने तोंड वाकडं केलं.

“मावशी, तू हे असं वाचतेस? डोळे फुटतील की गं.”

भाचीने समजावून सांगितलं. पडद्यावरचं अक्षर म्हणजे चौकोनी ठिपके. त्याच्या कडेला करडे ठिपके भरले की डोळा फसतो आणि त्याला गोलाई दिसते. त्याला फॉन्ट स्मूदिंग म्हणतात. इथे ते कुणीतरी बंद केलंय, म्हणून अक्षरांच्या कडांना या सगळ्या पायऱ्या. बोलता बोलता तिने ते सुरूही केलं, आणि अक्षरं पूर्वीसारखी गोल, शहाणी होऊन बसली. घारीने चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग न्हाणीघरात जाऊन नळ सोडून ती पोटभर रडली. बाहेर आल्यावर पहिला फोन प्रकाशकाला केला आणि पुस्तक परत मागून घेतलं.

भाची गेल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी बघते, तर पुन्हा पायऱ्या. तिने स्मूदिंग सुरू केलं. पुढच्या सकाळी ते पुन्हा बंद. घरात माणसं दोन, त्यांतलं एक ती स्वतः. तिचा पारा चढला. कामाची अब्रू गेली, रात्रीची झोप गेली, आणि हे महाशय खेळ करतायत! त्या दुपारी तिने नियम मोडला आणि दारात जाऊन उभी राहिली.

नकाशेवाले पडद्याला नाक टेकेल इतके वाकून ते स्मूदिंगचं बटण शोधत होते. बोट एकेका ओळीवरून चाचपडत खाली सरकत होतं. एके काळी केसाएवढ्या रेघेने नदी काढणारा माणूस.

“काय करताय?” तिने हळूच विचारलं.

ते दचकले, पण खोटं बोलले नाहीत. “त्या करड्या कडा मला दिसत नाहीत गं. अक्षर धुक्यात गेल्यासारखं होतं. नुसतं काळं-पांढरं केलं की निदान सापडतं तरी.”

“मग मला का नाही सांगितलंत?”

“तू हातातलं काम टाकून माझ्यामागे बसली असतीस. आणि तुझी घारीची नजर, तुला काय फरक पडणार, असं वाटलं.”

तिला हसू आलं आणि ते धड पुरं झालंच नाही. तिने शेजारी स्टूल ओढून त्यांना सगळं सांगितलं: चुका, वडील, डॉक्टरांची वेळ. ऐकता ऐकता त्यांनी कपाळाला हात लावला.

“म्हणजे माझे डोळे लपवायला मी तुझे बिघडवत होतो.”

“दोघंही सारखेच शहाणे,” ती म्हणाली आणि तिने फोन उचलला. वेळ तीच ठेवा, नाव तेवढं बदला, असं तिने दवाखान्यात सांगितलं. आपणही बरोबर येणार आहोत हेही सांगितलं, कुणी विचारलं नव्हतं तरी. मोतीबिंदू असेल, निघेल, असं ती त्यांना दिवसभर सांगत राहिली. खरं तर स्वतःलाच सांगत होती. भीती गेली नव्हती, नुसती तिच्या डोळ्यांवरून त्यांच्या डोळ्यांवर गेली होती.

दवाखान्याचा दिवस येईपर्यंत घरात नवा नियम झाला. सकाळचं काम संपलं की उठण्याआधी ती आपल्या हाताने स्मूदिंग बंद करायची. तिची गोल, शहाणी अक्षरं डोळ्यांदेखत कातरली जायची. तिला ती अजिबात बघवायची नाहीत. मग ती स्वयंपाकघराकडे हाक मारायची, “अहो, या. तुमची अक्षरं मांडून ठेवलीत.”