मुकादमांची पायली

मित्रांनो, गेल्या डिसेंबरात अस्लमच्या माळ्यावर मोजून सात वस्तू होत्या. दोन फुटके हंडे, एक कंदील, काथ्याच्या दोरीची तीन भेंडोळी आणि सातवी मी. माझ्या पोटात तीन अंडी होती. मी धान्य मोजायची जुनी लाकडी पायली. पण त्या दिवसांत मी कोंबडीचे खुराडे झाले होते.

माझा जन्म सावंतवाडीचा. अस्लमचे पणजोबा आचऱ्याचे मुकादम. त्यांनी फणसाच्या एकाच ओंडक्यातून दोन मापे कातून घेतली, मी आणि माझा धाकटा भाऊ शेर. चार शेरांची एक पायली होते. पणजोबांनी कारागिराला बजावले होते, "बाजारच्या शेरापेक्षा मूठभर मोठो कर. कापणीक येणाऱ्याक कमी पडाक नको." शेर वाढला, म्हणून मीही वाढले. खळ्यावर कापणीची मजुरी आमच्यानेच मोजत, म्हणून आमचा मोठा मान होता.

१९३१ साली पणजोबांचा धाकटा मुलगा समद परदेशी निघाला. आईने त्याला शेरभर तांदूळ शेरासकट दिले. वेंगुर्ल्याला तो बोटीत चढला. दोन पत्रे आली, पुढे काहीच नाही.

भाऊ गेला आणि माझी पत गेली. बाजारातून नवा शेर आणला. तो चार वेळा ओतला तरी माझ्यात दोन बोटे जागा उरायची. "चुकीची पायली," लोक म्हणायचे. मग किलो आले आणि मी माळ्यावर गेले.

त्या डिसेंबरात केपटाऊनहून जोया नावाची मुलगी दारात उभी राहिली. तिला मालवणीतले एकच वाक्य येत होते, तेही नव्वदीच्या आजीने पाठ करून घेतलेले : "बाबाचा घर खंय आसा?" आजीचे बाबा म्हणजे समद. डोळे मिटण्यापूर्वी बाबांचे घर कुठे आहे, एवढेच आजीला कळायला हवे होते. आजीचे माहेरचे आडनाव वेंगुर्लेकर, म्हणून जोया तीन दिवस वेंगुर्ल्यात फिरली. तिथे कोणी ओळख दिली नाही. शेवटी एका म्हाताऱ्या दुकानदाराने तिच्या पिशवीतला शेर पाहिला, एवढा मोठा शेर आचऱ्याच्या मुकादमांचाच असे म्हणत तिला आचऱ्याला पाठवले.

अस्लम इंग्रजीत तिच्याशी नीट बोलला, पण घरात येऊन कुरकुरला. "आमी मुकादम. वेंगुर्लेकर आमचे कोण नाय."

त्याची म्हातारी आत्या नसीमाफूफी हसली. "अरे, थंय उतरल्यार विचारल्यानी आसतला, खंयसून इलंस? पोरान बोटीचा बंदर सांगल्यान, ताच आडनाव झाला."

"आणि शेर? असले शेर बाजारात शंभर मिळतत."

"मिळतत ना? मग तुझो बाजारचो शेर हाड. आणि ती पायली खाली काढ."

"तिच्यात कोंबडी बसली आसा, फूफी!"

"कोंबडेक सांग, पावणी इली."

मला धुतले, पुसले, उन्हात ठेवले. वाळेपर्यंत मी विचार करत होते. मित्रांनो, घरातली एखादी जुनी वस्तू चुकीची वाटली, तर टाकण्याआधी एवढे विचारा, की तिच्या जोडीची वस्तू कुठे गेली? मला हे नव्वद वर्षांत कोणी विचारले नव्हते.

अंगणात चटई अंथरली. फूफीने आधी बाजारचा शेर घेतला. प्रत्येक वेळी तो तांदळाने भरून, काठावरून हात फिरवून सपाट केला आणि माझ्यात ओतला. चार शेर झाले, दोन बोटे जागा उरली. अस्लमने बोटे घालून पाहिली. मग मला रिकामे केले.

जोयाने पिशवीतून शेर काढला. तो काळवंडला होता, पण लाकूड माझेच. आजी फोनवर होती. जोयाने फोन चटईवर ठेवला. फूफी मोठ्याने मोजू लागली.

"एक. दोन. तीन."

चौथा शेर ओतून तिने माझ्या काठावरून हात फिरवला. तांदूळ काठाबरोबर होते. चटईवर एकही दाणा पडला नाही.