नीट करून लिहिलेलं पत्र

नाथाजीनं खिशातलं निळं पत्र काढून अंजनाच्या हातात दिलं.

"तूच लिवलंस न्हवं? मग वाच. समद्यांच्या म्होरं वाच."

अंजना उभी राहिली. गावातून आठवीपर्यंत गेलेली ती एकटीच मुलगी. मुंबईला गिरणीत राबणाऱ्या माणसांना त्यांच्या बायकांची पत्रं तीच लिहायची. आणि अक्षर असं, की मास्तरांनी तिची वही वर्गभर फिरवलेली!

भिंतीकडं तोंड करून हरणाबाई, नाथाजीची बायको, निजली होती. चार दिवसांपूर्वी ती जीव द्यायला निघाली होती. सासूनं, भामाबाईनं, तिला वाटेतून धरून माघारी आणलं. तेव्हापासून ती एक शब्द बोलली नव्हती. तार मिळाली तसा नाथाजी आज मुंबईहून येऊन पोचला होता.

"'ता. ९-२-६५,'" अंजना वाचू लागली. "'साष्टांग नमस्कार विनंती विशेष. इकडील सर्व क्षेम. माझी काळजी करू नये. सवडीने यावे.'"

"ऐकलंस, आये?" नाथाजीचा आवाज चिरकला. "समदं क्षेम! मी तिथं निवांत. आनि म्हैन्याभरात हिला काय झालं गं?"

"याड लागलंय, दुसरं काय," भामाबाई पदराचं टोक पिळत म्हणाली.

अंजनाची नजर कागदावरच होती. वेलांट्या कशा एकसारख्या वळलेल्या. त्या दिवशी हरणाबाई शेळीचं दावं बोटाला गुंडाळत, सोडत, सांगत होती आणि अंजना खदाखदा हसली होती. 'आवं काकू, असलं पत्रात लिवत नसत्यात! माझ्यावर सोडा, लय झ्याक लिवते.' मग हरणाबाईही हसल्यासारखं करून गप्प झाली होती.

अंजनानं पत्राची घडी घातली.

"काका, काकू असं न्हवत्या म्हनल्या."

"मग?"

"'कशातच जीव रमंना. झोपून उठलं तरी दमल्यावानी वाटतंय. मी नसले तर समद्यांस्नी सोपं जाईल.' असं लिव म्हनल्या हुत्या. मी... मी नीट करून लिवलं."

भामाबाईच्या हातातला पदर सुटला. नाथाजीनं पत्र माघारी घेतलं, उघडलं, उलटंसुलटं करून बघितलं. त्याला वाचता येत नव्हतं.

भिंतीकडची गोधडी हलली.

"एक राहिलं, पोरी."

अंजना तिच्या उशाशी जाऊन बसली.

"सांगा, काकू."

"'लवकर या' म्हनलं हुतं."