पाऊण वेगातले मास्तर

फ्रेमवाल्यानं काचेवर रेघ ओढली, काच टेबलाच्या कडेवर धरून अलगद मोडली आणि हात पुसून फोनवर गिटारचा धडा लावला. दुकानात गिऱ्हाईक नव्हतं, आणि शेवटाकडचा एक फटका त्याला पुन्हा ऐकायचा होता. आजवर त्यानं धडे फक्त घरच्या लॅपटॉपवर पाहिले होते.

धड्यातले मास्तर बोलायला लागले तसा तो चपापला. दीड वर्ष ज्यांना तो शांत, एकेक शब्द तोलून बोलणारे समजत होता, त्यांच्या तोंडाचा पट्टा सुटला होता. त्यांची स्पॅनिश भाषा त्याला कळत नसे, आकडे तेवढे कळत. पण त्याच्या बारा मात्रा मोजून होईपर्यंत मास्तर पुढच्या चक्रात पोचलेले. फोन बिघडला असेल म्हणून त्यानं तो बंद करून पुन्हा सुरू केला. मास्तर तसेच धावत होते.

दुपारी दुकानाला कुलूप लावून तो घरी आला आणि लॅपटॉप उघडला. चित्राखालच्या कोपऱ्यात, जिकडे त्यानं कधी ढुंकूनही पाहिलं नव्हतं, वेगाचा आकडा होता. पाऊण. एकदा ठेवला की तसाच राहणारा.

त्याची बायको गेली नऊ वर्षं फ्लामेंको हा स्पेनचा नाच शिकत होती. वर्गाचा गिटारवाला गाव सोडून गेला तेव्हा तिनं याला विचारलं, "माझ्यासाठी वाजवशील?" यानं तरुणपणी गिटार वाजवली होती, पण हा प्रकार नव्हे. मग तिनंच इंटरनेट पालथं घालून सगळं जमवून दिलं. मास्तरांचे धडे, बोटं कुठं ठेवायची त्याचे तक्ते, आणि घड्याळासारख्या तबकडीवर बारा मात्रा फिरवणारं एक पान. काटा तीन, सहा, आठ, दहा आणि बारावर आला की टाळी जोरात वाजायची. उजव्या हाताची नखं वाढवायची म्हणून तो काच उचलताना हातमोजे घालू लागला. शेजारचा चांभार ती नखं बघून म्हणाला, "लग्न ठरलंय वाटतं पुन्हा."

त्यानं आकडा एकवर नेला, गिटार घेतली आणि मास्तरांबरोबर वाजवून पाहिलं. चौथ्या चक्रात बोटांची भंबेरी उडाली. पुन्हा सुरू केलं, पुन्हा तेच. उद्या वर्गात तालीम होती. रविवारी ग्रंथालयाच्या सभागृहात कार्यक्रम होता आणि त्यात पहिल्यांदाच तिचा एकटीचा नाच, आठ मिनिटांचा. तिच्या नऊ वर्षांवर आपण पाणी फिरवणार, हे त्याला स्वच्छ दिसत होतं. त्याला इतकी शरम वाटली की चार वाजता दार वाजलं तेव्हा तो गिटार घेऊन तसाच बसून होता.

बायको टपाल कचेरीतून आली होती. दिवसभर खिडकीशी उभी राहून दमलेली.

"उद्या मी येत नाही," तो म्हणाला. "नाचाच्या बाईंना सांग, दुसरं कुणी बघा."

"काय झालं?"

त्यानं लॅपटॉप तिच्याकडे वळवला. "हे बघ. मी सगळं पाऊण वेगानं शिकलोय. खऱ्या वेगानं मला येतच नाही."

तिनं पडद्याकडे पाहिलंच नाही. खुर्चीवर बसून बूट काढला.

"ते मीच ठेवलंय."

"काय?"

"पहिल्याच आठवड्यात. तबकडीचं पानही मीच सावकाश लावलं." तिनं डावा गुडघा दोन्ही हातांनी दाबला. "डॉक्टर म्हणाले, नाचा, पण वेग उतरवा. आधीच्या गिटारवाल्याला दोनदा सांगितलं. हसला तो. मग बाईंनीच मला झेपेल असा वेग काढून दिला."

"बाईंना माहीत आहे?"

"वर्गात सगळ्यांना माहीत आहे. तालावर टाळ्या देणाऱ्यांनाही."

त्याच्या छातीवरचं ओझं असं उतरलं की त्याला आधी हसू आलं आणि मग राग.

"सगळ्या गावाला सांगितलंस, आणि मला नाही?"

"तुला सांगितलं असतं तर तू जपून वाजवलं असतंस. दर फटक्याला माझ्या गुडघ्याकडे बघत." तिनं दुसरा बूट काढला. "तू अगदी जीव तोडून वाजवतोस. हाच खरा वेग आहे असं समजून. मला तसंच हवं होतं."

दीड वर्ष फसवलं गेल्याचा राग धरून ठेवायचा त्यानं प्रयत्न केला, पण तो काही टिकला नाही. त्यानं उगाचच तारा जुळवल्या. जुळलेल्याच होत्या.

"दुखतं का फार?"

"जिना उतरताना. नाचताना नाही." तिनं नाचाचे बूट घातले आणि टेबल भिंतीकडे सरकवलं. "घे, पहिल्यापासून."

त्यानं सुरुवात केली. ती वळली, पावलं पडू लागली. आणि सहाव्या मात्रेवर, पाय जोरात पडायच्या जागी, त्याचा हात किंचित हलका झाला.

ती थांबली.

"बघ. बघायला लागलास."

"नाही."

"पुन्हा. आणि वर बघ, माझ्या तोंडाकडे."

त्यानं मान वर केली. तिच्या कपाळावर घाम होता आणि ती हसत होती. त्यानं पुन्हा पहिल्यापासून धरलं. तीन गेली, सहा आली, आणि त्यानं हात पूर्ण जोरात आपटला.