चौदा तारखेची रात्र

हैदराबाद ते टोरांटो तेरा हजार किलोमीटर, मध्ये एक विमान बदलून तेवीस तास. महिनाभर हा आकडा मी पेडगावात ज्याला त्याला ऐकवत होतो. तिकडे आमच्या लेकीचं, राजेश्रीचं, सिझर सोळा तारखेला सकाळी ठरलं होतं आणि तिची आई, बायनाबाई, बाळंतपणाला एकटीच निघाली होती. तिकीट मीच वाचलं: चौदा तारीख, रात्री पाऊण वाजता. चौदाला अमावस्या, म्हणून अकरालाच प्रस्थान ठेवलं. म्हणजे तिची बॅग, पासपोर्टसकट, शेजारच्या केशरबाईच्या घरी नेऊन ठेवली. असं केलं की प्रवास चांगल्या दिवशीच सुरू झाला असं आमच्याकडे धरतात.

तेराला दुपारी दोनला राजेश्रीचा फोन आला. तिकडे पहाटेचे साडेतीन, पोरीला झोप नव्हती. आई कुठवर पोचली, तिनं विचारलं. मी हसलो. आई रानात कापूस वेचतेय, विमान उद्या रात्री आहे, असं सांगितलं.

ती म्हणाली, "बाबा, रात्री बाराला तारीख बदलते. विमान आज रात्री हाय."

आमची तारीख दिवस उगवला की बदलते. चौदाची रात्र म्हणजे चौदाचा दिवस मावळल्यावरची, यात विचारण्यासारखं काही असेल असं मला कधी वाटलंच नव्हतं. पुढचं तिकीट सतराच्या आधीचं नव्हतं.

पुतण्या परमेश्वरला जीप काढायला सांगून मी रानात धावलो. बायनाबाई ओटीतल्या कापसासकट पळत आली. विमानतळ आठ तासांवर, काउंटर पावणेबाराला बंद होणार, आणि केशरबाईच्या दाराला कुलूप. ती सकाळीच लेकीकडे देवगाव फाट्याला गेलेली, फोन लागेना. मी दगड उचलला. चौथ्या घावाला कुलूप तुटलं तेव्हा सव्वातीन झाले होते.

मी गाडीत चढायला लागलो तर बायनाबाईनं हात आडवा धरला.

"लोकाचं दार उघडं टाकून कुठं निघालाव? तेरा हजार किलोमीटर मी जाते. तुमी एवढं दार सांभाळा."

ती रागावली असती तर बरं झालं असतं. तिच्या आवाजात राग नव्हता, म्हणून ते जास्त लागलं. गाडी निघून गेली.

उंबऱ्यावर बसून मी वाटेतली गावं, नांदेड, देगलूर, संगारेड्डी, मोजत राहिलो आणि स्वतःला शिव्या घालत राहिलो. दिवेलागणीला केशरबाई आली. तुटलेलं कुलूप पाहिलं, सगळं ऐकून घेतलं आणि चहा आणून ठेवला. आता दार राखायची गरज नव्हती, तरी मला उठवेना.

साडेअकराला परमेश्वरचा फोन आला. काकी आत गेली, म्हणाला. काही बोलली का, मी विचारलं.

"म्हणाली, काका अजून केशरबाईच्या उंबऱ्यावरच बसले असतील. त्यांना म्हणाव, उठा आता, जेवून घ्या."